फुफ्फुसाचा लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर: ऑपरेशननंतर काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट मला भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो. पण रिपोर्टाखाली सही माझी असते, म्हणून रात्री साडेदहाला रिपोर्टाचा फोटो आणि त्याखाली "मॅडम, हे कितपत सीरियस?" असा मेसेज मलाच येतो. हे पान त्या मेसेजांतून जमवलंय. फोटो बहुतेक वेळा एकाच जागी कापलेला असतो. वरचं ठळक निदान दिसतं, खालच्या बारीक ओळी दिसत नाहीत. पुढची बरीच उत्तरं त्या कापल्या गेलेल्या ओळींबद्दल आहेत. औषधोपचार ठरवणं मात्र तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांचं काम. ते इथे होणार नाही.

१. 'लार्ज सेल' म्हणजे गाठ मोठी आहे का?

नाही. पेशी मोठ्या आहेत. गाठ दीड सेंटिमीटरची असली तरी नाव हेच. 'न्यूरोएंडोक्राइन' म्हणजे त्या पेशींत नसांच्या आणि हार्मोन बनवणाऱ्या पेशींचे गुण दिसतात. फुफ्फुसाच्या दर शंभर कॅन्सरांमागे साधारण तीन या जातीचे. बहुतेकांच्या मागे बिडी-सिगारेटची अनेक वर्षं असतात.

हा वेगळा आजार आहे हे १९९१ साली मांडलं गेलं. पुढे बरीच वर्षं जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो लार्ज सेल कार्सिनोमाचा एक उपप्रकार म्हणून बसला होता. २०१५ मध्ये त्याला तिथून उचलून कार्सिनॉइड (सावकाश वाढणाऱ्या गाठी) आणि स्मॉल सेल (लहान पेशींचा, झपाट्यानं पसरणारा कॅन्सर) यांच्या कुटुंबात ठेवलं. स्वभावानं हा स्मॉल सेलचा सख्खा भाऊ, वाढतो तसाच झपाट्यानं. फरक एवढाच की स्मॉल सेल बहुधा छातीच्या मध्यभागी, मोठ्या नळ्यांपाशी उगवतो आणि सापडेपर्यंत पसरलेला असतो. हा पुष्कळदा फुफ्फुसाच्या कडेला असतो, म्हणून काही जणांमध्ये वेळेवर सर्जनच्या हाती लागतो. हे पान त्या काही जणांसाठी आहे.

२. इरफान खानला झाला होता तोच का हा?

मार्च २०१८ मध्ये त्यानं स्वतःच न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचला. पण न्यूरोएंडोक्राइन हे आडनाव आहे, नाव नव्हे. एकाच आडनावाखाली वर्षानुवर्षं सुस्त पडून राहणाऱ्या गाठी येतात, आणि काही आठवड्यांत दुप्पट होणाऱ्याही. गाठ कुठल्या अवयवात आहे आणि पेशी किती वेगानं विभागतायत, या दोन गोष्टी कळल्याशिवाय कुणाचीही कुणाशी तुलना करू नका. स्टीव्ह जॉब्सचंही तेच, त्याचा आजार स्वादुपिंडातला होता.

३. बायोप्सीत एक निदान आलं, ऑपरेशननंतर दुसरंच. चूक कुणाची?

बहुतेक वेळा कुणाचीच नाही. सुईच्या बायोप्सीत माझ्या हाती येतो तो शेवयाच्या तुकड्याएवढा धागा, तोही कधीकधी चेंगरलेला. या कॅन्सरचं निदान पेशींच्या मांडणीवर ठरतं: पेशींची बेटं, बेटांच्या कडेला कुंपणासारख्या ओळीनं उभ्या पेशी, मधूनमधून फुलाच्या पाकळ्यांसारखी वर्तुळं. धाग्यात ही मांडणी दिसेलच असं नाही. म्हणून बायोप्सीवर 'नॉन स्मॉल सेल' (स्मॉल सेल नाही) एवढंच लिहिलं जातं, कधी अडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाचा नेहमी दिसणारा कॅन्सर), कधी स्मॉल सेल.

ऑपरेशननंतर फुफ्फुसाचा अख्खा लोब, म्हणजे पाचांपैकी एक भाग, येतो. तो फॉर्मेलिननं फुगवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी पावासारखा कापायचा. गाठ करड्या-पांढऱ्या रंगाची असते, आणि तिच्या पोटात पिवळट, भुसभुशीत, बोटानं सुटणारा भाग. गाठ इतक्या वेगानं वाढते की रक्तपुरवठा मागे पडतो आणि मधल्या पेशी मरतात, तोच हा भाग. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन चौरस मिलिमीटरमध्ये किती पेशी विभागताना दिसतात ते मोजायचं. दहापेक्षा जास्त हव्यात, प्रत्यक्षात साठ-सत्तर सहज भरतात. शिवाय न्यूरोएंडोक्राइन पेशी ओळखणाऱ्या सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी-५६ या खुणांपैकी एखादीचा तरी रंग चढायला हवा. एवढं जुळलं की निदान पक्कं.

४. ऑपरेशन झालं. आता किती वर्षं? गोलमोल नको, आकडा सांगा.

सांगते. पण आकड्याखालचं वाक्यही वाचा.

जपानमधल्या अनेक रुग्णालयांत ऑपरेशन झालेल्या पेशंटांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण या कॅन्सरमध्ये ४०.३ टक्के होतं. स्मॉल सेलमध्ये ३५.७ टक्के. साध्या कार्सिनॉइडमध्ये मात्र ९६.२. इंटरनेटवर 'न्यूरोएंडोक्राइन' शोधून कुणी नव्वदीचा आकडा पाठवला, तर तो कार्सिनॉइडचा आहे. खूप लोक त्यावर काही दिवस खुशीत काढतात आणि मग जास्त कोसळतात.

इतर ठिकाणचे आकडे १५ पासून ५७ टक्क्यांपर्यंत पसरलेत. इतकं अंतर का? कुठे पहिल्या स्टेजचे पेशंट जास्त होते, कुठे तिसऱ्या. कुठे सगळ्यांना केमो मिळाली, कुठे कुणालाच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीतून फक्त पहिल्या स्टेजचे पेशंट वेगळे काढले, तेव्हा नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ४८ टक्के हयात होते, आणि ऑपरेशन अधिक केमो झालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के. हा फरक सगळाच केमोचा नाही. का, ते प्रश्न ७ मध्ये.

आता आकड्याखालचं वाक्य. चाळीस टक्के म्हणजे तुमच्या वडिलांचं चाळीस टक्के आयुष्य नव्हे, आणि दर वर्षी सारखी घसरणही नव्हे. हा कॅन्सर परत यायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत येतो. आलेख सुरुवातीला जिन्यासारखा खाली उतरतो, मग बराच सपाट होतो. काही न होता दोन वर्षं पार केलेल्या माणसाला ऑपरेशनच्या दिवशीचा आकडा लागू होत नाही, त्याचा आकडा बराच वर गेलेला असतो. तुमचा माणूस या आलेखावर कुठे उभा आहे, ते पुढच्या उत्तरातल्या ओळी सांगतात.

५. रिपोर्टात नक्की काय बघायचं?

फोटोत कापली जाते तीच जागा.

पहिली ओळ लिम्फ नोड्सची, म्हणजे रसग्रंथींची. 'शून्य बाय चौदा' असं लिहिलं असेल तर चौदा नोड्स तपासले, एकातही कॅन्सर नाही. वरचा आकडा शून्य असणं चांगलंच, पण खालचाही बघा. 'शून्य बाय दोन' मध्ये तेवढा भरवसा नाही, कारण बघायलाच दोन मिळाले. कॅन्सर सापडलेले नोड्स फुफ्फुसाच्या आतले असतील तर एन-१, छातीच्या मध्यभागातले असतील तर एन-२. एन-२ म्हणजे बहुधा तिसरी स्टेज. निकालाचं पारडं सगळ्यात जास्त हलवणारी ओळ हीच.

दुसरी, कडा. ब्रॉन्कसची (श्वासनळीच्या फांदीची) कापलेली कड स्वच्छ आहे ना? स्वच्छ असेल तर सर्जन त्याला 'आर-शून्य' म्हणतात. तिसरी, गाठीचं माप आणि फुफ्फुसावरचं पातळ आवरण, म्हणजे प्लुरा. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असली तरी तिनं आवरण भेदलं असेल तर टी-१ ची टी-२ होते (टी म्हणजे मूळ गाठीची पायरी). घरच्यांना वाटतं, सर्जन म्हणाले अडीच सेंटिमीटर आणि रिपोर्ट जास्त सांगतोय. दोघंही बरोबर असतात.

चौथी ओळ 'प्युअर' की 'कम्बाइंड' (प्रश्न १४). यातली एखादी ओळ रिपोर्टात नसेलच, तर लॅबला फोन करून विचारा. पॅथॉलॉजिस्टला विचारलेलं आवडत नाही हा गैरसमज आहे. निदान मला तरी आवडतं.

६. केआय-६७ सत्तर टक्के आलाय. म्हणजे सत्तर टक्के शरीरात पसरला?

नाही, नाही. दर शंभर कॅन्सर पेशींमागे सत्तर पेशी त्या घडीला विभागणीच्या कामाला लागलेल्या होत्या, एवढाच अर्थ. हा आकडा वेग सांगतो, अंतर नाही. या कॅन्सरमध्ये चाळीस ते ऐंशी नेहमीच दिसतो, त्यामुळे तुमचा सत्तर आणि शेजारच्या कॉटवरच्याचा पंचावन्न यात झुरण्यासारखं काही नाही.

७. सर्जन म्हणाले, "सगळं काढलंय." मग केमो कशाला?

सर्जनला दिसलं ते सगळं काढलं, हे खरं. पण हा कॅन्सर परत येतो तो बहुतेकदा काढलेल्या जागी नाही, लांब: मेंदू, यकृत, हाडं. म्हणजे ऑपरेशनच्या आधीच काही पेशी रक्तातून निघालेल्या असतात. त्या कुठल्याच स्कॅनवर दिसत नाहीत. केमो त्यांच्यासाठी.

पुरावा किती? जपानमध्ये पंधरा जणांना ऑपरेशननंतर सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड दिलं, आणि पाच वर्षांनी ८८.९ टक्के हयात होते. आधीच्या, केमो न मिळालेल्या पेशंटांत हे प्रमाण ४७.४ होतं. वाचायला सुरेख, पण पंधराच माणसं. नोंदवह्यांमधल्या मोठ्या आकड्यांतही एक मेख आहे. ऑपरेशननंतर महिना-दोन महिन्यांत केमो झेपेल असा माणूस मुळातच धडधाकट असतो आणि तो केमोशिवायही थोडा जास्त जगला असता. केमो घेतलेले आणि न घेतलेले यांची चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी तुलना या आजारात नाही.

तरीही माझं मत विचाराल तर, पेशंटला झेपणार असेल तर कॅन्सरतज्ज्ञानं केमो सुचवल्यावर 'सगळं काढलंय' या वाक्याच्या आधारानं ती टाळू नये. नेहमीच्या अडिनोकार्सिनोमामध्ये पहिल्या स्टेजच्या लहान गाठीला केमो देत नाहीत. इथे पहिल्या स्टेजमध्येही बरेच तज्ज्ञ देतात. अगदी लहान, एखाद-दीड सेंटिमीटरची गाठ आणि भरपूर तपासलेले स्वच्छ नोड्स असतील, तर तज्ज्ञांतच दोन मतं आहेत. तिथे निवांत बसून बोलून घ्या.

८. कुठली केमो, किती? सत्तरी ओलांडलेल्यांना झेपते?

बहुधा सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, जोडीला इटोपोसाइड. तीन आठवड्यांनी एक फेरी, अशा साधारण चार. जखम भरली, माणूस जेवायला-चालायला लागला की, म्हणजे ऑपरेशननंतर चार ते आठ आठवड्यांत सुरू करतात. "पितृपक्ष जाऊ दे", "लग्न उरकू दे" असं म्हणत तीन महिने घालवू नका.

इटोपोसाइडऐवजी इरिनोटेकान चांगलं का, हे जपाननं मोठ्या चाचणीत पाहिलं: स्मॉल सेल आणि लार्ज सेल मिळून २२१ पेशंट, २०२० मध्ये निकाल. तीन वर्षं कॅन्सर परत न येता राहिलेले इरिनोटेकानवाल्यांत ६९ टक्के, इटोपोसाइडवाल्यांत ६५.४ टक्के. हा फरक सरस म्हणण्याइतका भरला नाही, त्यामुळे जुनी जोडी कायम राहिली. हे दोन्ही आकडे केमो मिळालेल्यांचे आहेत, तेही लक्षात घ्या.

वयापेक्षा किडनी, कान आणि हृदय बघतात. क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा) वाढलेलं असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर सिस्प्लॅटिनच्या जागी कार्बोप्लॅटिन. चौऱ्याहत्तरीचे आजोबा चारही फेऱ्या घेऊन गावच्या जत्रेला गेल्याचं मला कळवलं गेलंय, आणि साठीतल्या माणसाला दुसऱ्या फेरीनंतर थांबावं लागल्याचंही.

९. चीर दिली, हवा लागली, म्हणून कॅन्सर पसरला असं सगळे म्हणतात.

फुफ्फुसाला जन्मल्यापासून हवाच लागतेय. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी यकृतात गाठ दिसली तर ती चिरेमुळे आलेली नसते. ती पेशी आधीच निघालेली होती (प्रश्न ७). ही समजूत पिढ्यानपिढ्या का टिकली, ते मला कळतं: पूर्वी उघडून बघेपर्यंत आजार पसरलेलाच असायचा.

१०. एक लोब काढला. आता दम कायम लागणार का? बरगड्यांत अजून चटके बसतात.

फुफ्फुसाचे पाच लोब, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. एक काढल्यावर काही महिन्यांत बाकीचे जागा भरून काढतात, आणि श्वासाची ताकद कायमची कमी होते ती साधारण दहा-पंधरा टक्के. आधीच दमेकरी किंवा जुना बिडीवाला असेल तर हेच दहा टक्के जिना चढताना जाणवतात. पूर्ण एका बाजूचं फुफ्फुस काढलं असेल तर हिशेब वेगळा, तिथे तिसरा हिस्सा जातो.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी घाबरवतात. छातीच्या नळीच्या बाटलीत बुडबुडे येत राहणं, म्हणजे फुफ्फुसाच्या शिवणीतून हवा झिरपतेय. बहुतेकदा आपोआप थांबतं, पण मुक्काम लांबतो. दुसरी, हृदयाचे ठोके अनियमित होणं. हे दर शंभरात दहा-वीस जणांना होतं आणि औषधानं आटोक्यात येतं. चटके बरगड्यांमधल्या नसांचे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कमी, मोठ्या चिरेत जास्त, आणि काहींना महिनोन्‌महिने. शर्टाचं कापड घासलं तरी झोंबतं. अशा वेळी नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात. निमूट सोसत बसू नका. आत तीन रंगीत चेंडू असलेलं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र मिळालं असेल तर ते फुंकायचं नसून ओढायचं असतं, हे मी तीन घरांत सांगितलंय.

आणि बिडी बंद. ऑपरेशननंतरही तिचा फरक पडतो.

११. पुढे तपासण्या कधी आणि कुठल्या?

साधारणपणे पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी छातीचा आणि वरच्या पोटाचा सीटी स्कॅन, मग अंतर वाढवत पाच वर्षांपर्यंत, पुढे वर्षातून एकदा. मेंदूचा एमआरआय डॉक्टर ठरवतील तसा. मध्येच नवी डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, चालताना तोल जाणं, कंबरेत रात्री न थांबणारं दुखणं असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

१२. मेंदूत जातो म्हणता, मग आधीच डोक्याला शेक देऊन टाकावा का?

स्मॉल सेलमध्ये काही पेशंटांना असा प्रतिबंधक रेडिएशन देतात, तिथून हा प्रश्न येतो. लार्ज सेलमध्ये ऑपरेशननंतर तो नेहमीचा उपचार नाही. अख्ख्या मेंदूच्या शेकानं विसराळूपणा येऊ शकतो, त्यामुळे एमआरआयनं लक्ष ठेवणं बहुतेकांना पटतं. एखाद-दुसरी बारीक गाठ दिसलीच तर नेमक्या त्या जागेवर शेक देता येतो.

१३. रक्तात क्रोमोग्रॅनिन वाढलंय. परत आला?

आधी सांगा, पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू आहे का? ॲसिडिटीच्या या गोळ्यांनी क्रोमोग्रॅनिन वाढतं. एका मुलीनं डॉक्टरांना न विचारता लॅबमधून ही तपासणी करवून घेतली, आकडा तिप्पट आला, आणि घर दोन दिवस जेवलं नाही. सीटी स्वच्छ होता. बाबा वर्षभर सकाळी उपाशीपोटी 'पॅन' घेत होते. या झपाट्यानं वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये ही तपासणी मुळातच फारशी भरवशाची नाही.

डोटा स्कॅनबद्दलही असंच. तो सुस्त न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी उत्तम. इथे नेहमीचा, साखरेचा पेट स्कॅन जास्त बोलतो.

१४. 'कम्बाइंड' लिहिलंय. दोन कॅन्सर झाले का?

एकाच गाठीत दोन तऱ्हेच्या पेशी, उदाहरणार्थ लार्ज सेल आणि अडिनोकार्सिनोमा. आजार एकच. मात्र त्यात स्मॉल सेलचा भाग सापडला तर निदानाचं नाव 'कम्बाइंड स्मॉल सेल' असं बदलतं आणि उपचारही त्या वाटेनं जातात. दुसरा भाग अडिनोचा असेल, किंवा पेशंटनं आयुष्यात विडी शिवलेली नसेल, तर ईजीएफआर आणि एएलके या जनुक-तपासण्या जरूर करून घ्या. या कॅन्सरमध्ये ते बदल क्वचित सापडतात, पण सापडले तर गोळ्यांचा मार्ग उघडतो.

१५. फक्त गाठीभोवतीचा तुकडा काढलाय, अख्खा लोब नाही. परत ऑपरेशन करावं का?

निदान आधी माहीत नसलं की असं घडतं. डाग बघून सर्जन छोटा तुकडा काढतो, आणि आठवड्यानं माझा रिपोर्ट जातो. फुफ्फुसाची ताकद चांगली असेल तर उरलेला लोब आणि नोड्स काढायचा विचार होतो, कारण तुकड्याबरोबर नोड्स बहुधा आलेलेच नसतात आणि प्रश्न ५ मधली पहिली ओळ रिकामी राहते. ताकद नसेल तर केमो आणि बारीक लक्ष. हा निर्णय सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञ यांनी एका टेबलावर बसून घ्यायचा.

१६. बाबांना सांगायचं का?

मेसेजच्या शेवटी "त्यांना माहीत नाही, प्लीज" असं असतं. माझा अनुभव सांगते. केमोच्या वॉर्डात तीन दिवस बसलेल्या माणसाला कळलेलं असतं. तो तुम्हाला सांभाळत असतो. आकडे सांगायची गरज नाही. "गाठ काढली, परत येऊ नये म्हणून औषध" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. पुढचं त्यांनी विचारलं तर सांगा.

१७. दुसरं मत घ्यायला टाटाला जायचंय. काय न्यायचं?

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये काय किंवा नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या दुसऱ्या मोठ्या केंद्रात काय, नुसता रिपोर्ट पुरत नाही. आजार दुर्मिळ असल्यानं तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतील, आणि बघायलाच हवं. म्हणून लॅबकडून स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुमचे तुकडे) दोन्ही मागून घ्या. ते तुमचे आहेत, सही करून मिळतात. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी तिथेच उभ्यानं जुळवा. शिवाय ऑपरेशनची नोट आणि सीटी-पेटच्या सीडी.

रेल्वेनं जात असाल तर कॅन्सर पेशंटला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसालाही मोठी सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

आणि ब्लॉक मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते. एकदा विदर्भातून निघालेले ब्लॉक माझ्याकडे पोचले तेव्हा चार ठोकळ्यांचा एक ठोकळा झाला होता. आतला तुकडा वाचला, पण कुठला ठोकळा नोडचा आणि कुठला गाठीचा हे लावायला दोन दिवस गेले. जेवणाच्या रिकाम्या डब्यात कापसात ठेवा, आणि डबा पायाशी, सावलीत.